पडवीत बसूनच ‘घरी जायचंय’

दाभोळच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, धोपाव्याच्या बाजूला, माझ्या आत्याचे सासर आहे. साठ वर्षे ती त्याच घरात नांदली. तरीही गेले दोन पावसाळे दिवेलागणीला ती पडवीच्या कठड्याशी येते, पदर खोचते आणि सुनेला म्हणते, “शेवटची होडी चुकेल, मला घरी जायचंय.” “अहो आई, हेच तुमचं घर,” असे सून समजावू लागली की तिथून वादाला तोंड फुटते आणि रात्रभर कोणालाच झोप लागत नाही.

आत्या खोटे बोलत नाही. तिला अल्झायमर, म्हणजे स्मृती हळूहळू पुसून टाकणारा मेंदूचा आजार, झाला आहे. त्यात अमायलॉइड हे प्रथिन चेतापेशींच्या बाहेर, तर टाऊ हे प्रथिन पेशींच्या आत साचते, आणि टाऊमुळे होणारी पडझड बहुधा हिप्पोकॅम्पस व त्याच्या लगतच्या भागात आधी दिसू लागते. समुद्रघोड्यावरून नाव पडलेला हा भाग नव्या आठवणी नोंदवून घेण्याचे काम करतो. त्यामुळे सकाळची न्याहारी आधी विसरली जाते आणि बालपण बराच काळ टिकून राहते; नवे आधी व जुने नंतर हा क्रम तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ साली मांडला होता. आत्याच्या स्मृतीतून सासर पुसट झाले आणि खाडीपलीकडचे माहेर उरले. आपल्याकडच्या सासुरवाशिणीला ‘घर’ या शब्दाचे दोन पत्ते असतात, त्यांपैकी जुना पत्ताच आता तिच्याजवळ शिल्लक आहे.

हे नेमके संध्याकाळीच का घडते, असे सून विचारते. झोप आणि जाग यांची वेळ सांभाळणारे मेंदूतले घड्याळही या आजारात बिघडते. त्यात दिवसभराचा शीण आणि अंधूक उजेडातल्या सावल्या यांची भर पडते, आणि आषाढात तर दुपारीच अंधारून येते. सकाळी अंगणात उन्हाला बसवणे आणि तिन्हीसांजा होण्यापूर्वीच घरातले दिवे लावणे हे उपाय साधे असले तरी अनेकांना त्यांचा उपयोग होतो. मात्र, वाद घालून काहीही साधत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ साली झालेल्या एका अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या गेल्या. काय पाहिले ते रुग्ण लवकरच विसरले, पण त्यातून जागलेली भावना त्यांच्या मनात रेंगाळत राहिली. भांडण विसरले तरी त्याची कडवट चव मागे राहते, ती अशी.

आजार पुढे सरकतो तशी काळजीही बदलते. प्रथम विहिरीची आणि खाडीची भीती असते. विहिरीवर जाळी बसवावी लागते, बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, रात्री आतून कडी घालावी लागते. पुढे ताटाकडे लक्ष द्यावे लागते. माशाचे काटे जिभेने वेगळे करण्याची सवय जन्मभराची असली तरी ते कसब हळूहळू जाते, म्हणून आत्याला आता काटे काढूनच मासे वाढतात. गिळण्याची क्रिया मंदावली की पाण्यासारखे पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. अशा वेळी ताठ बसवून, लहान घासांनी, घाई न करता भरवावे. पेज किती दाट असावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. अगदी शेवटच्या टप्प्यात नाकातून नळी घालण्याचा आग्रह नातेवाईक धरतात, परंतु त्यामुळे आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही आणि वृद्धरोगतज्ज्ञ सावकाश हाताने भरवणेच पसंत करतात.

एक गोष्ट मात्र घरोघरी चुकते. अल्झायमर महिन्या-वर्षांनी वाढतो, तो एका रात्रीत वाढत नाही. कालपर्यंत चालत-बोलत असलेले माणूस आज एकाएकी बरळू लागले किंवा गुंगीत गेले, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नये. लघवीतला संसर्ग, घामामुळे शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा सर्दीची झोप आणणारी साधी गोळी, यांपैकी काहीही कारणीभूत असू शकते, आणि ते बहुतेक वेळा बरे करता येते.

चाकरमानी गणपतीला येतात, चार दिवस राहतात, “आई तर छान आहे, हसतेय की,” असे म्हणून मुंबईला परततात. पाहुण्यांसमोर रुग्ण थोडा वेळ सावरून वागू शकतो हे खरे. पण रात्री तीनदा उठणाऱ्या सुनेला ते वाक्य जिव्हारी लागते. वर्षभराचे हे काम तिने एकटीने ओढावे, हे मला मान्य नाही. आठवडाभर तरी कोणीतरी येऊन राहावे आणि तिने माहेरी जावे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही विनामूल्य सल्ला मिळतो.

सुनेने आता उत्तर बदलले आहे. आत्या उठली की ती हातात कोयती आणि झावळीचे हीर देते आणि विचारते, “घरी कोण कोण आहे, आई?” नवे विसरले तरी हाताची सवय मेंदूच्या दुसऱ्या भागात, उशिरापर्यंत शाबूत राहते. आत्याचा हात न अडखळता हीर सोलत राहतो, तोंडाने माहेरची माणसे एकेक येत जातात, आणि त्यांत माझ्या आजोबांचे नाव पहिले असते.