दक्षिण कॅलिफोर्नियातील काँक्रीट आणि बीएमएक्स फ्रीस्टाइलची जडणघडण

टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ च्या उन्हाळ्यात, बीएमएक्स (बायसिकल मोटोक्रॉस) फ्रीस्टाइल या प्रकाराला पहिल्यांदा पदके मिळाली. पुरुषांचे सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या लोगन मार्टिनने आणि महिलांचे ब्रिटनच्या शार्लट वर्दिंग्टनने जिंकले. दोघांपैकी कोणीही कॅलिफोर्नियाचे नव्हते. तरीही वीस इंची चाकांच्या सायकलीने वक्र भिंतीवर चढायचे, कडेच्या वर हवेत झेपावायचे, पुन्हा त्याच भिंतीवर उतरायचे आणि ठरावीक वेळात केलेल्या अशा कसरतींना पंचांनी गुण द्यायचे, हा या स्पर्धेचा जो साचा जगाने पाहिला, तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहानशा पट्ट्यात तयार झाला होता. लॉस एंजेलिसच्या उपनगरांपासून दक्षिणेला सॅन डिएगोपर्यंतचा हा प्रदेश मोटारीने दोन-तीन तासांत ओलांडता येतो.

या खेळाचा इतिहास सांगताना बॉब हॅरो यांना ‘फ्रीस्टाइलचे जनक’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो निराधार नाही. मात्र एका व्यक्तीला जनकत्व बहाल केले की तिच्या भोवतालची परिस्थिती नजरेआड होते. सायकलवरच्या कसरती जगाला नव्या नव्हत्या. सर्कशीच्या तंबूत त्या कितीतरी आधीपासून होत होत्या आणि जर्मनीत तर कलात्मक सायकलिंगचे रीतसर सामने भरत होते. कॅलिफोर्नियातील मुलांनी जे केले ते या परंपरेतून आलेले नव्हते. ते जमिनीच्या आकारातून आले, आणि ती जमीन तशी का होती हे पाहिल्याशिवाय पुढचे नीट उलगडत नाही.

सायकल आधी आली. श्विन कंपनीने १९६३ मध्ये उंच हँडल आणि लांब बैठक असलेली ‘स्टिंग-रे’ ही लहान चाकांची सायकल बाजारात आणली. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या खडबडीत वाटेवरील शर्यतींच्या, मोटारसायकलींवर भाळलेल्या पोरांनी तिच्यावरून मातीचे उंचवटे ओलांडायला सुरुवात केली. १९६९ मध्ये पश्चिम लॉस एंजेलिसमधील पाम्स पार्क येथे मुलांच्या सायकल शर्यती सुरू झाल्या. १९७० मध्ये लाँग बीच येथे स्कॉट ब्राइटहॉप्ट या किशोरवयीन मुलाने स्वतःच शर्यती भरवायला घेतल्या. सायकल आणि मोटोक्रॉस यांच्या या जोडणीतून बीएमएक्स हे नाव रूढ झाले. श्विनची फ्रेम अशा वापरापुढे टिकत नसे, ती वाकत किंवा मोडत असे. त्यामुळे विमानांच्या सांगाड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त) पोलादी नळ्यांपासून फ्रेम आणि पुढचे चाक धरणारे चिमटे बनवणारे लहान कारखाने याच परिसरात उभे राहिले. रेडलाइन, मंगूस, टॉर्कर, जीटी ही नावे त्या काळातली. एखाद्या मुलाने काल मोडलेला सांधा आठवड्याभरात कारखानदाराच्या टेबलावर पोहोचू शकत होता, इतके हे सारे एकमेकांजवळ होते.

इथवरची कथा शर्यतींची आहे. फ्रीस्टाइलला लागणारी जमीन दुसऱ्याच खेळाने तयार केली. १९७३ च्या सुमारास स्केटबोर्डला युरेथेन या लवचिक प्लास्टिकची चाके आली. जुन्या मातीच्या किंवा धातूच्या चाकांपेक्षा ती रस्त्याला घट्ट धरत आणि त्यामुळे उतारावर वळणे शक्य झाले. लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवरील काही शाळांची मैदाने कडेला डांबरी उतार देऊन बांधलेली होती. मुले प्रथम त्यांवर गेली. पाठोपाठ १९७६-७७ चा तीव्र दुष्काळ आला. कॅलिफोर्नियात पाण्याच्या वापरावर बंधने पडली आणि घरांमागचे अनेक पोहण्याचे तलाव रिकामे राहिले. तिथल्या तलावांचा तळ आणि भिंत यांच्यात काटकोन नसे. तळ हळूहळू वर वळत भिंत बनत असे. कोरडा पडल्यावर असा तलाव म्हणजे काँक्रीटची तयार वाटीच. दुष्काळाने एखाद्या खेळाला जन्म दिल्याची दुसरी उदाहरणे फारशी सापडणार नाहीत.

परक्याच्या अंगणातील तलावात उतरणाऱ्या पोरांमागे पोलीस लागत. ही हौस तिकीट लावून पुरवता येईल हे काही व्यावसायिकांच्या ध्यानात आले. १९७६ मध्ये सॅन डिएगो परगण्यातील कार्ल्सबाड येथे स्केटपार्क, म्हणजे स्केटबोर्डसाठी मुद्दाम बांधलेली काँक्रीटची जागा, उघडला. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या पूर्वेला अपलँड गावात ‘पाइपलाइन’ सुरू झाला. १९७८ मध्ये समुद्रालगत ‘डेल मार स्केट रँच’ची भर पडली. अपलँडच्या पार्कचे वैशिष्ट्य त्याच्या नावातच होते: तिथे माणूस उभा राहून फिरू शकेल एवढा काँक्रीटचा संपूर्ण गोल बोगदा होता, आणि पुढे एक गोल व एक चौकोनी अशा दोन खोल वाट्या जोडून बांधलेला तलाव तयार झाला. या वाट्यांच्या भिंती वरच्या भागात अगदी सरळ उभ्या होत्या. अशा भिंतीवर वेगाने चढलेला माणूस कडेबाहेर फेकला जातो. त्याच भिंतीवर परत उतरायचे तर हवेतच वळावे लागते.

सायकली या पार्कांत शिरल्या त्या मुख्यतः स्केटबोर्डचा धंदा बसल्यामुळे. आरंभी काही पार्कांत सायकलस्वारांना अधूनमधून प्रवेश मिळे, पण स्केटबोर्डर त्यांच्याकडे नाराजीनेच पाहत, कारण सायकलीचे पायडल आणि एक्सलची टोके काँक्रीटच्या कडा खरवडत असत. १९८० च्या आसपास स्केटबोर्डची लाट ओसरली. त्यातच अपघाताच्या दाव्यांमुळे विम्याचे हप्ते मालकांना झेपेनासे झाले. एकामागून एक पार्क जमीनदोस्त होऊ लागले. जे उरले त्यांना गिऱ्हाईक हवे होते, मग ते दोन चाकांवर का येईना. सायकलस्वारांसाठी वेगळ्या वेळा राखल्या जाऊ लागल्या. एका खेळाची पडती बाजू दुसऱ्याचा पाया ठरली असे म्हणता येईल, आणि म्हणूनच फ्रीस्टाइलची बरीच परिभाषा, ‘एअर’पासून ‘किक-टर्न’पर्यंत, स्केटबोर्डकडून उसनी आलेली आहे.

उसनवारी शब्दांपुरती नव्हती, पण सायकल म्हणजे फळी नव्हे. स्केटबोर्ड पुढे-मागे सारखाच चालतो. फ्रीव्हील (पायडल न मारताही चाक पुढे फिरू देणारी यंत्रणा) लावलेली सायकल भिंतीवरून उलटी खाली येऊ लागली की पायडल आपोआप मागे फिरू लागतात आणि स्वाराला तोल सांभाळत पायही उलटे चालवावे लागतात. स्केटबोर्डरला सहज जमणारी ही गोष्ट सायकलस्वारासाठी स्वतंत्र कौशल्य होते. उलट सायकलीकडे हँडल होते, ब्रेक होते, आणि पाय ठेवायला पायडलखेरीजही जागा होत्या. अपलँडच्या खोल वाट्यांत वाढलेल्या स्वारांनी उंचीवर भर दिला. एडी फियोला, ब्रायन ब्लायदर, माइक डॉमिंगेझ ही त्या पार्कशी जोडलेली मोठी नावे आहेत. त्याच पिढीतील टिंकर ह्वारेझ पुढे माउंटन बाइककडे वळला आणि १९९६ व २००० च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून उतरला.

बॉब हॅरो यांचे महत्त्व इथे लक्षात येते. सॅन डिएगो भागात राहणारा हा तरुण शर्यतीत भाग घेत असे, चित्रे उत्तम काढत असे आणि सायकलीच्या हँडलवर लावायच्या क्रमांकाच्या पाट्या रंगवून विकत असे. या पाट्यांतूनच त्याचा व्यवसाय उभा राहिला. ‘बीएमएक्स अ‍ॅक्शन’ या मासिकासाठी व्यंगचित्रे काढण्याच्या निमित्ताने तो टॉरन्सला आला. हे मासिक बॉब ऑसबॉर्न यांनी १९७६ मध्ये सुरू केले होते. पूर्वी अग्निशमन दलात काम केलेले ऑसबॉर्न स्वतः छायाचित्रकार होते, त्यांची मुलगी विंडी मासिकासाठी छायाचित्रे काढी आणि मुलगा आर. एल. शर्यतीत उतरत असे. हॅरो आणि आर. एल. यांची गट्टी जमली. स्केटपार्कमध्ये शिकलेल्या गोष्टी सपाट जमिनीवर आणि लाकडी रॅम्पवर करून पाहायला त्यांनी सुरुवात केली. १९८० च्या आरंभी अ‍ॅरिझोनातील चँडलर येथे शर्यतींच्या मधल्या वेळेत या दोघांनी प्रेक्षकांपुढे कसरती करून दाखवल्या. फ्रीस्टाइलचा पहिला जाहीर प्रयोग म्हणून तो सहसा सांगितला जातो.

त्यानंतर मासिकाच्या नावाचाच एक कसरतपटूंचा संघ झाला. हॅरो त्यातून बाहेर पडल्यावर आर. एल. ऑसबॉर्न आणि माइक बफ यांची जोडी प्रसिद्धीस आली. हॅरो यांनी १९८१ मध्ये बॉब मोरालेस यांना सोबत घेऊन देशभर दौरा केला. सायकलच्या दुकानासमोर रॅम्प मांडायचा, अर्धा-पाऊण तास खेळ करायचा आणि पुढच्या गावाला निघायचे, असा त्याचा क्रम होता. १९८२ च्या ‘ई.टी.’ या चित्रपटातील सायकलींच्या पाठलागात कसरती करणाऱ्यांमध्येही हॅरो होते. त्याच सुमारास फुलर्टनच्या टॉर्कर कंपनीकडून बनवून घेतलेली ‘हॅरो फ्रीस्टाइलर’ ही फ्रेम बाजारात आली. शर्यतीसाठी नव्हे तर कसरतींसाठीच विकली जाणारी पहिली फ्रेम म्हणून तिची ओळख आहे.

मला इथे मासिकाची भूमिका सायकलीपेक्षाही मोठी वाटते. संपादक, छायाचित्रकार, स्वार आणि कारखानदार एकाच महानगराच्या परिघात राहत असल्यामुळे मंगळवारी एखाद्याला जमलेली कसरत पुढच्या अंकात क्रमवार छायाचित्रांसह छापली जाई आणि हजारो मैलांवरची मुले ती पाहून सराव करत. १९८४ मध्ये याच प्रकाशनाने ‘फ्रीस्टाइलिन’’ हे स्वतंत्र मासिक काढले. अँडी जेंकिन्स, मार्क लूमन आणि पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आलेला स्पाइक जोन्झ यांनी ते घडवले. याचा एक दोषही होता. छायाचित्रकार जिथे पोहोचू शकत होते तिथलेच स्वार ‘आघाडीचे’ ठरले आणि एका पट्ट्याची सवय देशाचा प्रमाण नमुना म्हणून छापली गेली. ओहायोच्या किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या वाहनतळावर त्याच काळात कोणी काय करत होते, याची नोंद त्यामानाने फारच थोडी आहे.

स्पर्धांची घडीही याच वर्तुळात बसली. मोरालेस यांनी आधी स्केटपार्कमधील हौशी स्वारांची संघटना काढली. तिच्या ‘किंग ऑफ द स्केटपार्क्स’ या मालिकेत फियोलाने इतके सातत्य दाखवले की तो किताबच त्याच्या नावाला चिकटला. १९८४ च्या सुमारास या संघटनेचे रूपांतर ‘अमेरिकन फ्रीस्टाइल असोसिएशन’मध्ये झाले. तोवर पार्क हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. म्हणून राष्ट्रीय स्पर्धा पार्कबाहेर, सभागृहांत आणि वाहनतळांवर आल्या आणि त्यांचे सपाट जमीन व रॅम्प असे दोन विभाग पडले. काँक्रीटची वाटी प्रत्येक गावात नेता येत नव्हती. प्लायवुडचा चतुर्थ-वर्तुळाकार रॅम्प मात्र गाडीमागे जोडून नेता येत होता.

सायकलीच्या रचनेवरही या बदलाचा ठसा उमटला. हँडल पूर्ण गोल फिरवायचे तर मागच्या ब्रेकची केबल गुंडाळली जाते. काहींनी केबलच नको म्हणून मागे कोस्टर ब्रेक, म्हणजे पायडल उलटे दाबले की लागणारे ब्रेक, वापरले. ब्रायन स्क्यूरा यांनी हँडलच्या मुळाशी बसणारी एक फिरती तबकडी शोधली, जिच्यामुळे केबल न अडकता हँडल कितीही वेळा फिरवता येऊ लागले. ओडिसी कंपनीने ती ‘जायरो’ या नावाने विकली. पुढच्या ब्रेकची केबल चिमट्याच्या दांड्याच्या आतून खाली नेण्याची युक्तीही आली. चिमट्यावर, एक्सलवर आणि बैठकीखालच्या नळीमागे पाय ठेवण्याच्या जागा निघाल्या. फियोलाच्या सहभागाने आलेली जीटी कंपनीची ‘परफॉर्मर’ आणि हॅरोची नवी मॉडेल्स घेऊन ही सारी सामग्री देशभरच्या दुकानांत पोहोचली.

कॅलिफोर्नियातही एकच धारा नव्हती. उत्तरेला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधील मुख्य रस्ता १९६७ पासून रविवारी मोटारींना बंद असे आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे रोलर-स्केटिंग करणाऱ्यांची गर्दी होती. संगीत, गुळगुळीत डांबर आणि फुकट प्रेक्षक असलेल्या त्या जागी मॉरिस मायर, डेव्ह व्हँडरस्पेक यांच्यासारखे स्वार जमू लागले. खोल वाट्या हाताशी नसल्याने त्यांचा कल तोलाच्या कसरतींकडे आणि फुटपाथच्या कडा, बाक, भिंती वापरण्याकडे झुकला. व्हँडरस्पेकने सायकलस्वार आणि स्केटबोर्डर यांचा मिळून ‘कर्ब डॉग्ज’ हा संघ उभारला. दक्षिणेत दोघांसाठी वेगळ्या वेळा राखाव्या लागत असताना उत्तरेत ते एकाच गटात होते. नंतर ‘स्ट्रीट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकाराची एक वाट या रविवारच्या जमावातून निघते, असे माझे मत आहे. व्हँडरस्पेक १९८८ मध्ये मरण पावला.

त्याच्या आदल्या वर्षी डेल मारचा पार्क बंद झाला होता. अपलँडचा पाइपलाइनही १९८० च्या दशकाच्या अखेरीस गेला. तोवर खेळाचा भार इतरत्र सरकू लागला होता. पेन्सिल्व्हेनियातील यॉर्क शहराच्या ‘प्लायवुड हूड्स’ गटातील केव्हिन जोन्सने थांबून करायच्या कसरतींऐवजी सायकल सतत घरंगळत ठेवून करायच्या कसरती पुढे आणल्या आणि सपाट जमिनीवरील फ्रीस्टाइलची दिशा बदलली. मोठ्या लाकडी रॅम्पवर ओक्लाहोमाचा मॅट हॉफमन आला. अपलँडमध्ये घडलेला डॉमिंगेझ ज्या अडीच फेऱ्यांच्या उडीमागे लागला होता, ती ‘९००’ (अंशांची) हॉफमनने १९८९ मध्ये स्पर्धेत यशस्वीपणे उतरवली. ती स्पर्धा कॅनडातील ओन्टारियो प्रांतात, किचनर येथे भरली होती.