भारतीय आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत : साम्यस्थळे

हिंदुस्थानी रागसंगीत एका वेळी एकाच स्वरावर रेंगाळते. युरोपचे अभिजात संगीत एका वेळी अनेक स्वर उभे करते. एवढा फरक असूनही दोघांचा पाया एकच, तो म्हणजे स्वरसंवाद, म्हणजे दोन स्वरांचे एकमेकांशी गोड जुळणे. सप्तकाचे बारा स्वर दोन्हीकडे आहेत. सा ते प हे अंतर ३:२ या कंपनप्रमाणाचे, सा ते म ४:३ चे. भरताच्या नाट्यशास्त्रात १३ आणि ९ श्रुतींच्या (श्रुती म्हणजे सप्तकाचे सूक्ष्म स्वरांतर) अंतरावरचे स्वर परस्परांचे संवादी, म्हणजे जुळणारे, सांगितले आहेत. ती हीच अंतरे.

व्हायोलिनवर हे डोळ्यांनाच दिसते. पाश्चात्त्य वादक शेजारशेजारच्या तारा पंचमाच्या अंतराने जुळवतो. मांडी घालून, वाद्याचे टोक पायाच्या घोट्याजवळ टेकवून बसणारा हिंदुस्थानी वादक त्याच तारा बऱ्याचदा प-सा-प-सा अशा लावतो. बैठक बदलली, बाज बदलला, तरी अंतरे पंचम-मध्यमाचीच राहिली.

सर्वांत जास्त सांगितले जाणारे साम्य थाटांचे आहे. वाळकेश्वरला जन्मलेले आणि पेशाने वकील असलेले विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांचे दहा थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या मूळ साच्यांत, वर्गीकरण केले. त्यांतले सहा युरोपीय मोडांशी, म्हणजे तिकडच्या स्वरसाच्यांशी, तंतोतंत जुळतात : बिलावल म्हणजे मेजर अथवा आयोनियन, कल्याण लिडियन, खमाज मिक्सोलिडियन, काफी डोरियन, आसावरी एओलियन आणि भैरवी फ्रिजियन. भैरव, पूर्वी, मारवा व तोडी यांना तिकडे जोडीदार नाही. हे कोष्टक परीक्षार्थींना फार प्रिय, आणि फसगत होते ती इथेच. मारवा, पूरिया, सोहनी यांचे स्वर तेच. पण पूरिया मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, रमतो, सोहनी तार षड्जाभोवती, म्हणजे वरच्या सा भोवती, फिरते आणि मारवा कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर अडून बसतो. थाट मोडाशी जुळला म्हणून राग जुळत नाही.

उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते गाणे-वाजवणे, पश्चिमेला ठाऊकच नव्हती, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. बाख, मोझार्ट, बेटहोव्हेन हे तिघेही आपापल्या काळी आयत्या वेळच्या वादनासाठी नावाजलेले होते. कन्चेर्टोत, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेत, ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटा वादक कॅडेन्झा, म्हणजे आपली करामत दाखवणारा तुकडा, वाजवतो. शेवटी तो लांबलचक ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची जलद आलटापालट) धरतो, तेव्हा ऑर्केस्ट्रा आता परत येणार हे जाणत्या श्रोत्याला कळते. तबल्याची तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा, सुरू झाली की समेआधीच आपली मान हलू लागते, त्यातलाच हा प्रकार. पुढे तिकडे कॅडेन्झाही लिहून ठेवण्याचा रिवाज पडला. तालातली ‘खाली’, म्हणजे टाळीऐवजी हात उघडून दाखवायची मात्रा, मात्र तिकडच्या मोजणीत सापडत नाही.

मुंबईत या दोन परंपरा शेजारी राहिल्या, आणि त्याचे बरेच श्रेय पारशी समाजाकडे जाते. १८७० मध्ये पारशांनी गायन उत्तेजक मंडळी काढली. भातखंडे पुढे तिचे सभासद झाले. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला. त्याच सुमारास युरोपातून मुंबईत आश्रयाला आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन आकाशवाणीवर काम करत होते. पहाटे रेडिओ लावला की ऐकू येणारी आकाशवाणीची ओळखधून त्यांची मानली जाते : खाली तानपुरा, वर व्हायोलिन, स्वर शिवरंजनीचे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रामध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. झाकीर हुसेन यांचा तबला-कन्चेर्टो 'पेशकार' २०१५ मध्ये याच वाद्यवृंदाबरोबर मुंबईत प्रथम सादर झाला. एकल तबलावादनाच्या आरंभीच्या प्रकाराचे नाव पाश्चात्त्य रचनेला मिळाले, ही योजना समर्पकच.

नाते ताणले जाते ते गंधारावर. खोलीत शांतता असताना तानपुऱ्याची खर्जाची तार छेडावी. थोड्या वेळाने तिच्यातून गंधार आपोआप उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मग पेटीची गंधाराची पट्टी दाबावी. पेटी आली युरोपातून, आणि पियानोप्रमाणे तिचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. त्यामुळे तिचा गंधार सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, पेटीवर घेता येत नाही ही तक्रार वेगळीच. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. गिरगाव-दादरच्या बैठकींतून आणि नाट्यसंगीतातून मात्र पेटी कोणी उठवू शकले नाही.

या भांडणाला पूर्व-पश्चिम असे नाव देणे सोपे, पण चुकीचे. युरोपातले कसलेले गायकवृंद आणि स्ट्रिंग क्वार्टेट (व्हायोलिन-कुळातल्या वाद्यांची चौकडी) सोबतीला पियानो नसला की कानाने पुष्कळदा तोच उतरता, तानपुऱ्यातला गंधार धरतात.