होस्ट्स फाइल

संगणकाचे नाव आणि त्याचा आयपी पत्ता (जाळ्यावरील आकडी पत्ता) यांची जोडी त्याच यंत्रावर नोंदवून ठेवणारी साधी मजकूर फाइल. लिनक्स व मॅकओएसमध्ये ती ‘/ईटीसी/होस्ट्स’ येथे, तर विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’खालील ‘ड्रायव्हर्स\ईटीसी’ या फोल्डरात असते.

उगम : आरंभ १९७१ चा धरावा की १९७४ चा, हे नामसूची महत्त्वाची मानायची की तिचे वितरण, यावर ठरते. पेगी कार्प यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये आरएफसी २२६ (आरएफसी म्हणजे जाळ्याविषयीची क्रमांकित टिपणी) द्वारे अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरील यंत्रांची प्रमाण नावे सुचवली. तरीही प्रत्येक केंद्र आपापली यादी ठेवत असे आणि ती बहुधा शिळी असे. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी आरएफसी ६०६ मध्ये नेमकी हीच तक्रार मांडून एकच अधिकृत फाइल मागितली. पुढच्याच महिन्यात आरएफसी ६०८ मध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्राने ती द्यायचे ठरवले. एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाने ती सांभाळली. आजच्या फाइलीची पूर्वज म्हणून ही १९७४ ची फाइलच अधिक पटते, कारण सर्वांनी एकाच जागेवरून यादी उतरवून घेण्याची रीत तिच्यापासून पडली. जाळे वाढल्यावर ही रीत पेलेनाशी झाली आणि पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या, अनेक सर्व्हरांत विभागलेल्या यंत्रणेची, रचना मांडली. फाइल मात्र टिकली.

मुंबई : जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आयआयटी या अर्नेट या भारतातील शिक्षण-संशोधन जाळ्याच्या सहभागी संस्था होत्या. डीएनएसमधील ‘.इन’ या भारताच्या क्षेत्राची (डोमेन) नोंदणी १९८९ नंतर जुहूहूनच चाले. २००५ मध्ये ती निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या संस्थेकडे गेली.

रचना : ओळीत आधी पत्ता, मग मोकळी जागा, मग एक किंवा अधिक नावे. उदा., ‘१९२.१६८.१.१० हिशेब’ (प्रत्यक्षात रोमन लिपीत व अंकांत). ‘#’ नंतरचा मजकूर शेरा ठरतो. १२७.०.०.१ हा पत्ता ‘लोकलहोस्ट’चा, म्हणजे त्याच यंत्राचा; डेबियन ही लिनक्सची आवृत्ती यंत्राचे स्वतःचे नाव बहुधा १२७.०.१.१ ला जोडते. पोर्ट क्रमांक किंवा ‘कोणतेही नाव’ या अर्थी ‘*’ येथे चालत नाही. ‘.भारत’खालील देवनागरी नावे ब्राउझर आधी पुनीकोडमध्ये (रोमन अक्षरांतील सांकेतिक रूपात) बदलतो, म्हणून फाइलीतही तेच रूप लिहावे लागते.

लिनक्सवर आधी फाइल की डीएनएस, हा क्रम ‘एनएसस्विच’ या मांडणी-फाइलीत ठरतो, सहसा फाइल आधी. ‘एनएसलुकअप’ व ‘डिग’ या नाव शोधण्याच्या आज्ञा थेट डीएनएसला विचारतात, त्यामुळे नोंद बरोबर असूनही ती चुकल्यासारखी वाटते. पडताळणी ‘पिंग’ किंवा लिनक्सवर ‘गेटेंट’ या आज्ञेने करावी. विंडोजवर फाइल बदलायला प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि नोटपॅड नकळत ‘.टीएक्सटी’ जोडत असल्याने ते जतन करताना तपासावे. अंधेरीतल्या एखाद्या गाळ्यात चार संगणक व एक हिशेबाचा सर्व्हर एवढाच पसारा असेल, तर ही फाइल पुरते. मात्र सर्व्हरचा पत्ता राउटरमध्ये आधी कायम करून घ्यावा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर राउटर त्याला दुसराच पत्ता देऊ शकतो आणि चारही यंत्रांवरची नोंद हाताने बदलावी लागते.