सीएसआर-१ नोंदणी: अर्ज नेमका कुठे अडतो?

१ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतून काम करायचं असेल, तर संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर सीएसआर-१ फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. तो नसेल, तर कंपनीची कितीही इच्छा असली तरी तिला तुमच्यामार्फत हा खर्च करता येत नाही.

नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ (ना-नफा) कंपनी पात्र ठरते. सर्वसाधारणपणे आयकर खात्याकडचं १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) दोन्ही हवेत. ‘८०जीचा अर्ज टाकलाय’ एवढ्यावर भागत नाही. तात्पुरतं ८०जी तीन वर्षांचं असतं. नियमित नोंदणीसाठी ते संपण्याच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा अर्ज करायचा. हे ‘जे आधी येईल ते’ कोणी वाचतच नाही.

दुसरा घोळ तीन वर्षांचा. नोंदणीला तीन वर्षं झाली, एवढं पुरत नाही. स्वतंत्र, म्हणजे कंपनीने स्वतः न काढलेल्या, संस्थेला तशाच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. वसतिगृह चालवणारी संस्था पाणलोटाचा प्रस्ताव घेऊन गेली, की कंपनी ताळेबंद उघडते आणि पाणलोटावरचा खर्च शोधते.

महाराष्ट्रातली खास अडचण दाखल्यांची. इथे सोसायटीकडे सहसा दोन दाखले असतात: एक १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याचा, दुसरा धर्मादाय आयुक्तांकडच्या न्यास नोंदणीचा, ‘एफ’ क्रमांकाचा. फॉर्ममध्ये एक क्रमांक आणि जोडलेला दाखला दुसराच, असं सर्रास होतं. त्यात पॅनवर ‘ग्रामीण’ एका ‘आय’ने आणि दाखल्यावर दोन ‘ई’ने. पॅन आधी दुरुस्त करा, मगच पोर्टल उघडा.

सही करणाऱ्याचं नाव परिशिष्ट १ वर (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत) आहे ना, तेही बघा. जुने अध्यक्ष वारले, नवे निवडले, पण बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात धूळ खात पडलाय, ही घरोघरची गोष्ट. निकाल कधी लागेल ते तिथलं टेबलही सांगत नाही. तोवर परिशिष्टावर असलेल्या विश्वस्ताच्या नावे ठराव करून घ्या.

बाकी सोपं आहे: ठरावाचा क्रमांक व तारीख, त्या विश्वस्ताची डिजिटल सही आणि प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंटची पडताळणी.

क्रमांक म्हणजे निधी नव्हे. वाटाघाटीत ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांतच बसवा’ असं ऐकवलं जातं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, तुमच्या प्रकल्पातल्या शिक्षिकेच्या पगाराला नाही. आणि ३१ मार्चला तुमच्या खात्यात पैसे आले म्हणजे कंपनीचा खर्च झाला, असंही नाही; तुम्ही ते प्रत्यक्ष वापरावे लागतात. म्हणून फेब्रुवारीत क्रमांक घेऊन धावत येणाऱ्यांना बहुतेक कंपन्या एप्रिलनंतरच या म्हणतात.