'जगावंसं वाटत नाही' असं मूल म्हणालं, तर विश्वास कुठल्या माहितीवर ठेवायचा?

'थेट विचारलं तर नसता विचार त्याच्या डोक्यात शिरेल.' आत्महत्येचा विषय निघाला की पालकांना हीच भीती सर्वात आधी वाटते. ती तपासून पाहिलेली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न विचारले, उरलेल्यांना विचारले नाहीत. ज्यांना विचारलं, त्यांचा त्रास वाढला नाही आणि तसले विचारही वाढले नाहीत. आधीच नैराश्याची लक्षणं असलेल्या मुलांमध्ये तर विचारलेल्यांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा कमी दिसला.

म्हणून आत्महत्याप्रतिबंधाची कुठलीही माहिती वाचताना मी आधी एकच गोष्ट पाहते: ती थेट विचारायला शिकवते का? 'जीव द्यावा असं मनात येतं का?' हा प्रश्न शांतपणे, रागावल्याशिवाय कसा विचारायचा आणि उत्तर 'हो' आलं तर पुढची दहा मिनिटं काय करायचं, हे तिथे लिहिलेलं हवं. 'विषयच काढू नका' असं सांगणारी माहिती सरळ बाजूला ठेवा.

दुसरी खूण भाषेत सापडते. मृत्यू कसा, कुठे झाला याचे तपशील रंगवणारा किंवा 'नापास झाला म्हणून' असं एकच कारण चिकटवून मोकळा होणारा मजकूर अडचणीतल्या मुलासाठी धोक्याचा असतो. अशा बातम्यांनंतर अनुकरणाचं प्रमाण वाढतं, हे वारंवार दिसलं आहे. याची उलट बाजू फार आश्वासक आहे. ऑस्ट्रियातल्या वृत्तपत्रांच्या २०१० मधल्या अभ्यासात असं आढळलं, की तीव्र विचार येऊनही त्यातून सावरलेल्या माणसांविषयीच्या बातम्यांनंतर आत्महत्यांचं प्रमाण कमी झालं होतं. चांगल्या माहितीत अशी माणसं भेटतात.

लेखक कोण, मजकूर शेवटचा कधी तपासला, शेवटी काही विकायला ठेवलं आहे का, हेही पाहावंच.

शाळेने एखादा कार्यक्रम सुचवला, तर त्याचा परिणाम मोजला आहे का, हे बिनधास्त विचारा. युरोपातल्या १० देशांत, १६८ शाळांमधल्या ११,११० मुलांवर तीन वेगवेगळे कार्यक्रम करून पाहिले गेले. निष्कर्ष २०१५ साली आले. शिक्षकांना प्रशिक्षण देणं किंवा तज्ज्ञांकडून मुलांची चाचणी करून घेणं, यांपैकी कशाचाही ठळक परिणाम दिसला नाही. ज्या कार्यक्रमात मुलांनी स्वतः प्रसंग नाट्यरूपात करून पाहिले, ताण आणि नैराश्य यांवर आपसात चर्चा केली, तिथे मात्र वर्षभरात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मुलांना नुसतं सांगण्यापेक्षा त्यांना बोलू देणं किती मोलाचं आहे, हे यातून कळतं.

घरी लगेच उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे सुरक्षा योजना. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती तयार केली. ती समुपदेशकाच्या मदतीने, पण मुलाच्याच शब्दांत लिहायची असते. माझं बिनसायला लागलंय हे मला कशावरून कळतं? एकटं असताना मी काय करू शकते? कुठे गेल्यावर, कुणासोबत मन दुसरीकडे वळतं? मदत मागायची तर कुणाकडे? डॉक्टर आणि हेल्पलाइन यांचे नंबर कोणते? शेवटचा भाग घर सुरक्षित करण्याचा. टोकाची लाट बरेचदा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्या वेळात धोकादायक वस्तू हाताशी नसल्या, तर जीव वाचतो. त्यामुळे औषधांचा साठासुद्धा कुलपात ठेवायला सांगणारी माहिती भरवशाची समजा. 'असं करणार नाही' अशी शपथ घ्यायला लावण्याने मात्र धोका कमी होतो, याला पुरावा नाही.

आणि तुम्ही स्वतः किशोरवयीन असाल, तर हे तुमच्यासाठी: मैत्रिणीने 'कुणाला सांगू नकोस' म्हणून असं काही सांगितलं, तरी ते गुपित एकट्याने सांभाळू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. ती रागावेल, कदाचित अबोला धरेल. तरीही सांगा. तुमच्या स्वतःच्या मनात असे विचार येत असतील, तरीही हेच करा.

भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं. मुलाशी कसं बोलावं हे विचारायला पालकांनीही फोन करावा. जिवाला तातडीचा धोका वाटत असेल, तर मुलाला एकटं सोडू नका आणि थेट रुग्णालय गाठा.