लेसरनं नंबर जातो, डोळा तोच राहतो

पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला, नाहीतर घरात लग्नाचं बघायला सुरुवात झाली की आमच्या बेळगावकडे एक विषय हमखास निघतो, चष्मा घालवायला लेसर करून टाकूया काय. शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, कुणाच्या मावसबहिणीनं मिरजेला केलेलं असतं, कुणाच्या मेव्हण्यानं हुबळीला, आणि सगळे एकच सांगतात, काय नाय गा, दहा मिनिटांचं काम, दुसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतंय. ते काही खोटं नाही. पण त्या दहा मिनिटांत डोळ्याचं नक्की काय करतात असं विचारलं की उत्तर येतं, "लेसरनं नंबर जाळतात". जाळत तर काहीच नाहीत, आणि डोळ्यात नंबर नावाची वस्तूही कुठं ठेवलेली नसते.

बुबुळाच्या पुढं जो पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया. डोळ्यात येणारा उजेड वाकवून मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, नेमका पाडायचा असतो आणि त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश काम हा कॉर्नियाच करतो, डोळ्याच्या एकूण साधारण ६० डायऑप्टरपैकी (उजेड वाकवायच्या ताकदीचं माप, चष्म्याचा नंबर ह्यातच असतो) ४३ त्याचे, उरलेले आतल्या भिंगाचे. ज्यांना लांबचं दिसत नाही, म्हणजे मायनस नंबरवाले, त्यांच्यात बहुतेक वेळा डोळ्याचा गोळाच पुढून मागं जरा लांब झालेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो, तो १ मिलिमीटर जरी वाढला तरी अडीच-तीन नंबर लागतो. मग चित्र रेटिनाच्या अलीकडंच तयार होतं आणि फळ्यावरची अक्षरं पुसट दिसतात. चष्मा काय करतो, उजेड डोळ्यात शिरायच्या आधी थोडा फाकवतो. कॉन्टॅक्ट लेन्स तेच काम अश्रूंच्या थरावर बसून करते. लेसर कॉर्नियाचा मधला भाग थोडा कमी करून त्याचा उंचवटा चपटा करतो, प्लस नंबर असेल तर उलट कडेनं कमी करतो म्हणजे मधे उंचवटा वाढतो, आणि सिलिंड्रिकल असेल तर एका दिशेनं जास्त. लांब झालेला गोळा मात्र चष्मा, लेन्स, लेसर, काहीही केलं तरी आहे तेवढाच लांब राहतो, हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर आता हिशोब. कॉर्निया मधोमध असतो साधारण ५२० ते ५५० मायक्रॉन जाड (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर), अर्धा मिलिमीटरच धरा. आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत मशीन शॉपला ज्यांनी नोकरी केलीय त्यांना मायक्रॉन काय ते सांगायला नको, जॉब एकदा अंडरसाइज झाला की तो स्क्रॅपमध्ये जातो, घासलेलं मटेरियल परत चिकटवता येत नाही. कॉर्नियाचं तसंच आहे. वरची पातळ साल, एपिथेलियम, ती चार-पाच दिवसांत परत येते, पण खालचा मुख्य थर एकदा काढला की काढला. सहा-साडेसहा मिलिमीटरच्या गोलात एक नंबर कमी करायला अंदाजे १२ ते १४ मायक्रॉन जातात. लॅसिक ही लेसरची नेहमीची पद्धत, तिच्यात त्याआधी वरचा १००-११० मायक्रॉनचा पापुद्रा कापून, एका बाजूला जोडलेला ठेवून, उलटून ठेवतात, त्याला फ्लॅप म्हणतात. आणि सगळं झाल्यावर फ्लॅपच्या खाली कमीत कमी २५० मायक्रॉन राहिले पाहिजेत, आता तर बरेच डॉक्टर ३०० बघतात.

समजा दोघी मैत्रिणी, दोघींचा नंबर मायनस ७. एकीचा कॉर्निया ५४०. त्यातनं फ्लॅपचे ११० गेले, नंबरसाठी ९८ गेले, राहिले ३३२, काही अडचण नाही. दुसरीचा ४८०, तिच्याकडं राहतात २७२, इथं चांगला डॉक्टर मान हलवणार. बाहेरनं बघितलं तर नंबर सारखा, वय सारखं, पैसे भरायची तयारी सारखी, तरी एकीला होय आणि एकीला नको. म्हणून "तिचं झालं मग माझं का नाही" ह्याला काही अर्थ नाही. जास्त नंबरवाल्यांना किंवा पातळ कॉर्नियावाल्यांना आयसीएल म्हणून आतमध्ये बुबुळाच्या मागं बसवायची लेन्स असते, त्यात कॉर्निया घासायचा प्रश्नच येत नाही, पण ते डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे, त्याचे धोके आणि खर्च वेगळे.

एवढं जपून का राहायचं, तर कॉर्नियावर आतनं सतत दाब असतो. भिंत फार पातळ झाली किंवा मुळातच कच्ची असली तर ती हळूहळू पुढं फुगते, शंकूसारखी होते, आणि मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. हा रोग काहींना लेसर न करताही होतो, केरॅटोकोनस म्हणतात, आणि डोळे सारखे चोळायची सवय असेल त्यांच्यात जास्त सापडतो. आपल्याकडं निपाणीची तंबाखूची भुकटी आहे, फाउंड्रीची धूळ आहे, सुगीत मळणीचा कोंडा आहे, डोळे खाजतात, पोरं चोळतात, आई म्हणते झोप आलीय त्याला. त्याचीच सुरुवात कुणाला नकळत झालेली असेल आणि त्यावर लेसर मारलं तर काम वाढून बसतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी टोपोग्राफी करतात, कॉर्नियाचा पुढूनमागून नकाशाच काढतात. मला विचाराल तर पूर्ण प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हा नकाशा, लेसरचं मशीन कुठल्या कंपनीचं ते नंतर. आणि एका डॉक्टरनं नको म्हटलं की होय म्हणणारा सापडेपर्यंत कोल्हापूर-पुणे फिरू नका.

आता हा लेसर जाळत नाही म्हणजे काय, त्याची गोष्ट भारी आहे. अमेरिकेत आयबीएमच्या लॅबमध्ये मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन म्हणून केमिस्ट होते. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी टर्की खाऊन झाली आणि दुसऱ्या दिवशी हे उरलेली हाडं-कुर्च्या घेऊन लॅबला गेले, आणि त्यावर अल्ट्राव्हायोलेट एक्सायमर लेसर मारून बघितला. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा. कट असा स्वच्छ आला की कडेला भाजल्याची खूण नाही, आणि त्यांच्याच टीममधल्या हिरव्या लेसरनं तेच केलं तर मांस करपलं. कारण असं की १९३ नॅनोमीटरच्या एकेका फोटॉनमध्ये, म्हणजे उजेडाच्या कणात, रेणूंचे बंध थेट तोडायची ताकद असते, तुकडे वाफेसारखे उडून जातात, उष्णता शेजारी पसरायला वेळच मिळत नाही, आणि हा उजेड पृष्ठभागावरच शोषला जातो त्यामुळं आत भिंगापर्यंत पोचत नाही. एका पल्सला पाव मायक्रॉनच्या आसपास निघतो. ऑपरेशनच्या वेळी करपल्यासारखा वास येतो आणि माणूस घाबरतो, तो त्या उडालेल्या तुकड्यांचा वास, डोळा भाजत नसतो. श्रीनिवासन, जेम्स वाइन आणि सॅम्युएल ब्लम ह्या तिघांना २०१३ मध्ये बराक ओबामांच्या हातनं अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं.

त्याच्याही कितीतरी आधी, १९४९ मध्ये, होसे बाराकेर ह्या स्पॅनिश डॉक्टरनं (पुढं ते कोलंबियात बोगोटाला स्थायिक झाले) कॉर्निया कोरून नंबर बदलायची कल्पना मांडली होती, आणि ते कसं करायचे तर कॉर्नियाची चकती काढायची, गोठवायची, लेथवर टर्निंग करायची आणि परत शिवायची! ऐकूनच अंगावर काटा येतो, पण विचार तोच, जो आज चालतो.

फ्लॅप कापायला पूर्वी ब्लेड होतं, आता फेम्टोसेकंद लेसर असतो. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक. इतके छोटे आणि जोरदार झटके तयार करायची पद्धत १९८५ मध्ये जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी काढली, २०१८ च्या फिजिक्सच्या नोबेलचा अर्धा भाग त्यासाठीच. ह्याच लेसरनं आता स्माईल ही पद्धत करतात, फ्लॅप नाही, कॉर्नियाच्या आतच पातळ चकती कापायची आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातनं ओढून काढायची.

मग कुठलं चांगलं? जाहिरातीत नवीन तेच चांगलं असतं. पण तालमीत जाणारा पोरगा असेल तर विचार वेगळा होतो. लॅसिकचा फ्लॅप परत बसतो पण पहिल्यासारखा पक्का कधीच जुळत नाही, जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही सरकल्याच्या केसेस आहेत, कमी आहेत पण आहेत. कुस्ती, कबड्डीवाल्यांना म्हणून डॉक्टर जुनी पीआरके सुचवतात, नाहीतर स्माईल. पीआरकेत फक्त वरची साल काढून लेसर मारतात, तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, पाणी येतं, नजर पूर्ण यायला काही आठवडे लागतात, पण सरकायला फ्लॅपच नाही. लष्कराचा विचार असेल, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच असल्यावर इथं तो असतोच, तर आधी त्या त्या भरतीचे मेडिकलचे नियम वाचा. काही भरत्यांना विनाचष्मा नजरच लागते, काही ऑफिसर एंट्रीत लेसर चालतं पण ऑपरेशनच्या वेळी वय २० च्या वर, मधे १२ महिने गेलेले आणि कॉर्निया ४५० मायक्रॉन तरी शिल्लक, असल्या अटी असतात. निकालाच्या सुट्टीत १८ पूर्ण झाले म्हणून उरकून घेतलं आणि त्यापायी अपात्र ठरला असं व्हायला नको. तसंही नंबर वर्षभर स्थिर नसेल तर करूच नये, आज काढाल आणि डोळा वाढतच राहिला तर परत चष्मा.

त्रासाचं बोलायचं तर सगळ्यात जास्त म्हणजे कोरडेपणा, कारण कापताना कॉर्नियाच्या बारीक नसा तुटतात आणि अश्रूंचं गणित काही महिने बिघडतं. दुसरं रात्रीचं, दिव्याभोवती कडी दिसतात, उजेड फाकतो. बऱ्याच जणांचं सहा महिन्यांत कमी होतं, थोड्यांचं राहतं. शहरात काही वाटत नाही, पण उसाच्या सीझनला संकेश्वर-निपाणी रोडवर समोरनं हायबीम आणि पुढं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली, असं ज्यांना रोज चालवायचं असतं त्यांनी हे डॉक्टरला आधी सांगावं. आणि तारीख घेताना शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक किंवा गणपती विसर्जन तोंडावर नको, गुलाल आणि ताजा कॉर्निया जमत नाही.

चाळिशीचा चष्मा लेसरनं टळत नाही. तो लागतो आतलं भिंग कडक होतं म्हणून, कॉर्नियाचा त्यात संबंध नाही. उलट मायनस दोन-अडीचवाले चाळिशीनंतर चष्मा काढून पेपर वाचतात, लेसर केल्यावर ती सोय जाते, त्यामुळं ४२ व्या वर्षी उत्साहानं लेसर करायला निघालेल्या काकूंना मी आधी थांबा म्हणतो. एक डोळा लांबचा आणि एक जवळचा ठेवायची युक्ती असते, पण ती सगळ्यांच्या डोक्याला झेपत नाही, आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून महिनाभर बघायची.

आणि मघाचं ते वाक्य. गोळा लांबच राहतो, म्हणजे मागची रेटिना ताणलेलीच राहते. मायनस ८ चा माणूस लेसरनंतर ६/६ वाचत असला तरी रेटिना फाटायचा, सुटायचा धोका त्याचा मायनस ८ चाच असतो, आणि चष्मा गेला म्हणून तो डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचंच बंद करतो. वर्षाला एकदा बाहुली मोठी करून रेटिना तपासायची, आणि अचानक काळे ठिपके वाढले, विजा चमकल्या, कोपऱ्यातनं पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी.

ऑपरेशनची फाईल पण अशीच विसरायची नाही. लेसर झालेल्या डोळ्यात प्रेशर खरं असतं त्यापेक्षा कमी मोजलं जातं, कारण कॉर्निया पातळ झालाय, म्हणजे काचबिंदू असला तरी तपासणीत नजरेतनं सुटू शकतो. मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढताना पण जुनी मापं नसली तर डॉक्टरला अंदाज बांधत बसावं लागतं. आज हुबळीला केलेलं, मोतीबिंदू तीस वर्षांनी मुलाच्या गावात होणार, तोवर त्या हॉस्पिटलचं रेकॉर्ड कुठं असेल कुणाला ठाऊक. ऑपरेशनच्या आधीचा नंबर, टोपोग्राफी, कॉर्नियाची जाडी, किती मायक्रॉन काढले, हे चार कागद मागून घ्यायचे आणि रेशन कार्ड, सातबारा ठेवता त्या पिशवीत ठेवायचे.