कोरफडीचा घरचा गर पातळ का होतो?

कोरफडीच्या गरात जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतं. ते धरून ठेवतात लांबलचक शर्करासाखळ्या, त्यांतली मुख्य ॲसेमॅनन. गराचा बुळबुळीतपणा त्यांचाच. पान कापलं की गरातली विकरं (एन्झाइम) या साखळ्या तोडू लागतात आणि गर पातळ होत जातो. मिक्सर जास्त फिरवला तरी तेच होतं. विकतच्या जेलचा घट्टपणा बहुधा कार्बोमरसारख्या पदार्थांमुळे येतो, त्यामुळे घरच्या गराकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

खरी काळजी घ्यायची ती पिवळ्या चिकाची. सालीच्या लगेच आत तो असतो, कडू असतो आणि त्यात ॲलॉइन हे जुलाब घडवणारं द्रव्य असतं. हाच चीक आटवून काळा बोळ करतात, तो तीव्र रेचक आहे. त्वचेवर लागला तर अनेकांना खाज सुटते, आणि दोष मात्र गराला दिला जातो!

झाडाची सर्वांत खालची, बाहेरची, जाड पानं घ्या, दोन पुरतात. बुडापासून कापून, कापलेली बाजू खाली करून पेल्यात १५ मिनिटं तिरकी उभी ठेवा, चीक निथळेल. मग पान धुऊन काटेरी कडा काढा, बोटभर लांबीचे तुकडे करा आणि साल जरा जाडच सोला. सालीला थोडा गर गेला तर जाऊ दे. खरवडायला गेलात की चीक पुन्हा आत येतो. पांढरट, काचेसारखे तुकडे वाहत्या पाण्यात धुवा. मिक्सरमध्ये ५ ते १० सेकंदच फिरवा. वर आलेला फेस तासाभरात बसतो.

१०० ग्रॅम गरात ५०० मिलिग्रॅम शुद्ध क जीवनसत्त्वाची पूड घातली तर गर तपकिरी पडणं लांबतं. चघळायच्या गोळ्या नकोत, त्यांत साखर असते. जंतू मात्र या पुडीने थांबत नाहीत. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातली तर तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं.

उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, आठवडाभरच ठेवा. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि रोज एकच खडा काढा. पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आत थेंबभर लावून २४ तास वाट पाहा. खोल जखमेवर लावू नका. हवा लागून गुलाबीसर छटा येते, ती चालेल. आंबूस वास आला किंवा पुन्हा फेस धरला, तर तो गर फेकून द्या.